लाळ, ठसका आणि न विचारलेला प्रश्न

परवाच्या शनिवारी मामाकडे गेलो होतो. मुरबाडला रेल्वे अजून पोचलेली नाही, म्हणजे कल्याणहून एसटी. मामाला पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. हाताचा कंप गोळ्यांनी बराच आटोक्यात आहे. पण या वेळी तो आमच्याबरोबर जेवायला बसलाच नाही. मामी हळूच म्हणाली, "लाळ गळते रे त्यांची. लाज वाटते चारचौघांत." शेजारच्या लग्नालाही गेला नाही म्हणे. पाणी पिताना ठसका लागतो, हेही डॉक्टरांना सांगितलेलं नाही. का? तर "त्यांनी विचारलंच नाही."

राग आला, पण स्वतःचाच. दर महिन्याला गोळ्या पाठवणारा मी, मी तरी कुठे विचारलं होतं?

तर मंडळी, या आजारात लाळ जास्त तयार होत नाही. आपण दिवसभर नकळत गिळत असतो, ते गिळणं मंदावतं आणि लाळ तोंडात साचते. जेम्स पार्किन्सनने 1817 सालच्या निबंधातच हे नोंदवलंय. खरा धोका पुढे आहे. अन्नपाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. तेव्हा 'वय झालं, चालायचंच' हे इथे चालायचं नाही.

आणि उपाय आहेत! गोळीचा असर चांगला असतो त्या वेळात जेवायचं. ताठ बसायचं, लहान घास, लहान घोट, जेवताना गप्पा नि टीव्ही बंद. भाकरी कालवणात मऊ करून घ्यायची. काहींना पाण्यापेक्षा घट्ट पेज सोपी जाते. लाळेसाठी औषधं आहेत, लाळग्रंथीत द्यायचं बोटुलिनमचं इंजेक्शनही आहे. मात्र काही औषधांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, त्यामुळे मनाने काही घ्यायचं नाही.

गिळणं तपासून व्यायाम शिकवतो तो स्पीच थेरपिस्ट. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत असे लोक तयार होतात. पण आम्हाला थेरपिस्ट शोधत मुंबईच गाठावी लागली. गंमत बघा, मुंबई पाणी पिते ते शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं. आणि इकडच्या माणसाला तोच घोट नीट उतरतोय का, हे बघायला त्याने मुंबईला जायचं!

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट लगेच मिळणार नाही, मान्य. पण ठसका लागतो का, लाळ गळते का, हे दोन प्रश्न गावातली आशाताईसुद्धा विचारू शकते. उत्तर 'हो' आलं तर रुग्णालयातून व्हिडिओवर थेरपिस्ट जोडून द्यावा. ई-संजीवनीसारखी सोय देशात 2019 पासून आहेच की.

मी मामासाठी 'गिळा' अशी आठवण करणारं ॲप लिहायला घेतलं होतं. मामी म्हणाली, "मी आहे ना!" असो. तुमच्या घरी कुणी असेल तर आज फोन करा. आणि तब्येत कशी आहे असं मोघम नको, जेवताना ठसका लागतो का, असं विचारा.