सुधारणा फौजेची, पण फौज कुणाची?

मागच्या महिन्यात विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात मी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या एका ठरावावर बोलत होते. मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला. "ताई, लायबेरियाच्या पोलिसांशी आपलं काय देणंघेणं? इथं अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घ्यायला दोन-दोन दिवस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात."

प्रश्न रास्त होता आणि उत्तर त्या प्रश्नातच होतं. ठाण्यातल्या खुर्चीवर कोण बसलंय, तो कुणाचं ऐकतो आणि कुणाला बाहेर बसवतो, यावर आपली सुरक्षितता ठरते. युद्धातून बाहेर पडलेल्या देशांत नेमकी हीच खुर्ची नव्याने मांडली जाते. ती कशी मांडायची याची धोरणं आंतरराष्ट्रीय संस्था लिहितात. ती कशी लिहिली जातात आणि त्यात कोणता प्रश्न हळूच बाजूला सारला जातो, हे आंबेडकरी कार्यकर्त्याला कळलंच पाहिजे, असं माझं मत आहे. म्हणून हा लेख.

धोरण जन्मलं कुठे?

या धोरणाला 'सिक्युरिटी सेक्टर रिफॉर्म' म्हणतात, आपण सुरक्षा क्षेत्र सुधारणा म्हणू. सैन्य, पोलीस, तुरुंग, गुप्तचर यंत्रणा, सीमा आणि जकात खातं, शिवाय त्यांच्यावर देखरेख करणारं मंत्रालय, संसद आणि न्यायव्यवस्था, हे सगळं एकत्र धरून सुधारायचं, अशी ही कल्पना. शीतयुद्धाच्या काळात महासत्ता आपापल्या बाजूच्या हुकूमशहांना बंदुका आणि प्रशिक्षण देत होत्या. त्या फौजा स्वतःच्याच लोकांवर तुटून पडल्या, देश उद्ध्वस्त झाले आणि विकासाचा पैसा वाया गेला. तेव्हा देणगीदार देशांना जाग आली. १९९० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या तत्कालीन विकासमंत्री क्लेअर शॉर्ट यांनी सुरक्षा हा विकासाचाच प्रश्न आहे अशी मांडणी केली आणि हा शब्द रुळला.

पुढचा क्रम नीट पाहा. २००४ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २००७ मध्ये कामाची पुस्तिका. मधल्या काळात युरोपीय संघाने आपली धोरणं आखली. फेब्रुवारी २००७ मध्ये स्लोव्हाकियाच्या अध्यक्षतेखाली सुरक्षा परिषदेत खुली चर्चा झाली. जानेवारी २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचा पहिला सविस्तर अहवाल आला. आफ्रिकी संघाने स्वतःची धोरण-चौकट स्वीकारली ती २०१३ मध्ये. आणि एप्रिल २०१४ मध्ये, नायजेरिया अध्यक्षपदी असताना, सुरक्षा परिषदेने या विषयावरचा पहिला स्वतंत्र ठराव केला. हाच तो २१५१ क्रमांकाचा ठराव. २०२० मध्ये त्याच्या जोडीला २५५३ आला.

म्हणजे धोरण आधी पैसा देणाऱ्यांनी लिहिलं. ज्यांच्या अंगणात ते राबवायचं होतं, त्या खंडाची स्वतःची चौकट जवळपास दशकभर उशिरा आली. आणि त्या देशांतल्या ज्या वस्तीवर पूर्वीचं सैन्य चालून गेलं होतं, ती वस्ती तर टेबलावर कुठेच नव्हती.

'स्थानिक मालकी' कुणाची?

या सगळ्या कागदांत एक शब्द हमखास भेटतो, तो म्हणजे 'राष्ट्रीय' किंवा 'स्थानिक मालकी'. सुधारणा बाहेरून लादायची नाही, त्या देशाने ती आपली म्हणून करायची. शब्द चांगला आहे. व्यवहार बघू.

सिएरा लिओनमध्ये १९९९ पासून काही वर्षं पोलीस महानिरीक्षक होते कीथ बिडल, एक ब्रिटिश अधिकारी. सैन्याचं प्रशिक्षणही ब्रिटनच्या नेतृत्वाखाली. तिथे शांतता टिकली, हे श्रेय नाकारायचं कारण नाही. पण याला मालकी म्हणायचं का?

लायबेरियात २००३ च्या अक्रा शांतता कराराने नवं सैन्य उभारण्यात अमेरिकेने पुढाकार घ्यावा असं ठरलं. अमेरिकेने हे काम डाइनकॉर्प नावाच्या खासगी कंपनीला दिलं. करार अमेरिकेचं परराष्ट्र खातं आणि कंपनी यांच्यात. ज्या देशाचं सैन्य घडत होतं, तो देश त्या करारात पक्षकारच नव्हता. एक गोष्ट मात्र तिथे चांगली झाली. भरतीच्या उमेदवारांचे फोटो लोकांत लावून, 'याने युद्धात तुमच्यावर अत्याचार केले असतील तर सांगा' असं आवाहन केलं गेलं. लोकांना विचारलं की लोक सांगतात, हे त्यातून दिसलं. याच लायबेरियात २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतलं पहिलं संपूर्ण महिलांचं पोलीस दल पाठवलं होतं. तेव्हा 'लायबेरियाशी आपलं काय' असं म्हणायची सोय आपल्यालाही उरलेली नाही.

अफगाणिस्तानात तर वाटणीच झाली. २००२ मध्ये सैन्य अमेरिकेकडे, पोलीस जर्मनीकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे, अमली पदार्थांविरुद्धचं काम ब्रिटनकडे आणि टोळ्यांचं निःशस्त्रीकरण जपानकडे गेलं. अफगाण सुरक्षा दलांवर एकट्या अमेरिकेने सुमारे ८८ अब्ज डॉलर खर्च केले. ऑगस्ट २०२१ मध्ये ती फौज काही आठवड्यांत विरघळली. कारणं अनेक होती. भ्रष्टाचार होता, परदेशी ठेकेदारांवर विसंबलेलं विमानदळ होतं, अमेरिकेने तालिबानशी परस्पर केलेला करार होता. पण मुळाशी एक साधी गोष्ट होती. हे सैन्य आपलं आहे आणि ते ज्या सरकारसाठी लढतंय तेही आपलं आहे, असं पुरेशा लोकांना वाटलं नाही.

'स्थानिक मालकी' या शब्दाची गोम इथे आहे. बाहेरच्यांनी सगळं हातात ठेवलं तर मालकी खोटी ठरते, आणि हातातून सोडलं तर ती जाते राजधानीत आधीच बसलेल्या वर्गाकडे. समाजात उतरंड असेल तर 'स्थानिक' म्हणजे उतरंडीच्या वरचे. गावातलं सगळं काही गावाने ठरवावं, असं कुणी म्हणालं की आपल्या पोटात गोळा का येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जिथे हिशेब मागितला गेला

आता दोन वेगळी उदाहरणं. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक समाज लोकसंख्येत चाळीस टक्क्यांच्या पुढे, पण पोलिसात जेमतेम आठ टक्के. १९९८ च्या शांतता करारानंतर ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यात बाहेरच्या देशांतले सदस्यही होते. आयोगाने गावोगाव जाहीर सभा घेतल्या, दहा हजारांवर लोक त्यांना आले. सप्टेंबर १९९९ मध्ये १७५ शिफारशी आल्या. त्यातली सर्वात वादग्रस्त शिफारस होती की नव्या भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर असावेत. 'गुणवत्ता बुडेल', 'हा उलटा भेदभाव आहे', अशी ओरड झाली. ओळखीचे शब्द वाटले ना? तरीही कायदा झाला, पोलीस दलाचं नावही बदललं आणि २०११ मध्ये ही तरतूद संपली तेव्हा कॅथलिकांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. जगाला सुरक्षा सुधारणा शिकवणाऱ्या ब्रिटनने स्वतःच्या घरात प्रश्न सोडवला तो सरळ सरळ आरक्षणाने!

दुसरं उदाहरण बुरुंडीचं. तिथलं सैन्य अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या ताब्यात होतं. १९७२ मध्ये त्याच सैन्याने बहुसंख्य हुतूंचं भीषण हत्याकांड केलं. १९९३ मध्ये लोकांनी निवडून दिलेल्या पहिल्या हुतू राष्ट्राध्यक्षाला तुत्सी सैनिकांनीच मारलं आणि यादवी पेटली. ऑगस्ट २००० मध्ये नेल्सन मंडेलांच्या मध्यस्थीने झालेल्या अरुशा करारात लिहून घेतलं गेलं की सैन्यात कोणत्याही एका वंशगटाचे पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त लोक नसतील. हा तोंडी सदिच्छेचा मामला नव्हता, करारातलं कलम होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षाने तिसऱ्यांदा खुर्ची धरली तेव्हा पोलीस, गुप्तचर यंत्रणा आणि सत्ताधारी पक्षाच्या तरुणांच्या टोळीने विरोधकांवर भयंकर अत्याचार केले. सैन्य वंशाच्या रेषेवर उभं फाटलं नाही, पण माणसं वाचलीही नाहीत. म्हणजे प्रतिनिधित्व ही पहिली पायरी आहे, तीच शेवटची नाही. वर्दीत आपला माणूस गेला आणि त्याच्यावर कुणाचा अंकुश नसेल, तर तोही वरच्याचाच हुकूम पाळणार. हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.

शेजारच्या घरात

सगळ्यात जवळचं उदाहरण नेपाळचं. दहा वर्षांच्या युद्धानंतर नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला. माओवादी सैन्यात दलित, जनजाती आणि मधेशी तरुण-तरुणी मोठ्या संख्येने होते. नेपाळी सैन्याच्या माथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राणा, शाह, छेत्री घराणी. करारात सैन्याचं लोकशाहीकरण आणि त्याला सर्वसमावेशक रूप देण्याची गोष्ट आली. संयुक्त राष्ट्रांची मोहीम २००७ मध्ये पोचली. तिचं काम मर्यादित होतं, शस्त्रं आणि छावण्यांवर नजर ठेवायची आणि निवडणुकीला मदत करायची. तिने १९,६०२ लढवय्यांची नोंद पक्की केली. शेवटी नेपाळी सैन्यात गेले सुमारे चौदाशे. बहुतेक जण रोख रक्कम घेऊन घरी परतले. मध्ये २००९ साली सेनाप्रमुखाला हटवण्यावरून पंतप्रधान प्रचंड यांनाच राजीनामा द्यावा लागला. सुधारणा कुणाला सर्वात जास्त बोचते, ते त्या दिवशी कळलं.

तरी एक दार उघडलं. नेपाळी सैन्याच्या भरतीत ४५ टक्के जागा राखीव झाल्या. त्या ४५ चे पुन्हा शंभर भाग करून महिलांना २०, आदिवासी जनजातींना ३२, मधेशींना २८, दलितांना १५ आणि मागास भागाला ५. आता हिशेब करा. ४५ मधले १५ टक्के म्हणजे एकूण जागांच्या सात टक्क्यांहून कमी. नेपाळमध्ये दलित आहेत सुमारे तेरा टक्के. आणि हा नियम भरतीच्या दाराशी आहे. तिथून आत शिरलेला दलित तरुण निर्णयाच्या खुर्चीपर्यंत पोचायला किती दशकं लागतील? २०२० मध्ये पश्चिम रुकुममधल्या सोती गावात जातीबाहेरच्या प्रेमापायी एका दलित तरुणावर आणि त्याच्या मित्रांवर जमाव तुटून पडला, सहा जण गेले. शांतता करार होऊन तेव्हा चौदा वर्षं होत आली होती. राज्याची सुरक्षा झाली, पण त्या पोरांची?

बाबासाहेबांची पद्धत

फौजेत कोण आहे, हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती'च्या सिद्धांतावर महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळेंनी पुन्हा दाद मागितली. १९१७ मध्ये युद्धाची गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि युद्ध सरताच मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. टेबलावर आपला माणूस असण्याचा अर्थ हा असा असतो.

आणि 'थॉट्स ऑन पाकिस्तान' उघडून बघा. त्यात बाबासाहेब सैन्याची रचना आकड्यांनी मांडतात. कोणत्या प्रांताचे किती, कोणत्या समाजाचे किती, आणि सरकार हे आकडे द्यायला का कां-कू करतं. तिथला संदर्भ फाळणीचा आहे, तो निष्कर्ष उचलून दुसरीकडे चिकटवायचा नाही. पद्धत मात्र आपली आहे. सुरक्षेवर भाषण ऐकण्याआधी हजेरीपट मागायचा.

काहीजण म्हणतील की हे बाहेरच्यांचे उद्योग आहेत, सार्वभौम देशात त्यांनी नाक खुपसू नये. महासत्तांच्या हेतूंबद्दलचा संशय मलाही आहे. पण 'सार्वभौमत्व' हा शब्द आपल्याच लोकांवर लाठी चालवणाऱ्यांची ढाल होतो, तेव्हा गप्प कसं बसायचं? ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. गोळ्या झाडणारं दल परकं नव्हतं.

म्हणून या धोरणांकडे आपण तीन गोष्टी मागायच्या. एक, कोणत्याही देशाच्या सुरक्षा सुधारणेला पैसा देण्याआधी दलातल्या प्रत्येक श्रेणीचं, अगदी वरपर्यंतचं, जात-वंश-लिंगनिहाय प्रमाण जाहीर व्हावं. दोन, 'स्थानिक मालकी'त सरकारसोबत ज्यांनी त्या दलाचा मार खाल्लाय ते समाज असावेत, फक्त सल्ल्यापुरते नव्हेत, निर्णयात. तीन, तक्रार ऐकणारी यंत्रणा दलाच्या बाहेरची असावी आणि तिलाही हाच हजेरीपट लागू असावा.

समाजशास्त्र, कायदा, आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनी हे कागद वाचावेत. जिनिव्हा आणि न्यूयॉर्कला मसुदे लिहिले जातात तिथेही जावं. वंश आणि लिंगभाव या प्रश्नांना तिथे थोडीफार जागा मिळाली, कारण कुणीतरी वर्षानुवर्षं दार ठोठावलं. जातीसाठी ठोठावणारे हात आपलेच असावे लागतील.

त्या रविवारी मी त्या पोराला एवढंच म्हटलं, "बाळा, तू ज्या पायऱ्या झिजवतोस ना, त्यांचा नकाशा कुठेतरी टेबलावर काढला जातो. ते टेबल शोध."

जय भीम!