खोडरबराविरुद्ध

वंशवृक्ष खोडरबराने दुरुस्त करता येतो, असे ज्यांना वाटते त्यांना एक दिवस माझ्या काउंटरवर बसवावे. बँकेत चुकलेली नोंद पुसायची नसते. तिची उलटी नोंद करायची असते. चूकही राहते, दुरुस्तीही राहते, आणि तपासनीस आला की दुपारी कोणाला डुलकी लागली होती तेही कळते.

आमच्या एका चुलत बंधूंनी घराण्याचा वंशवृक्ष संगणकावर चढवला आणि चढवता चढवता धाकट्या आजोबांना खाली उतरवले. आजोबांचा अपराध एवढाच, की त्यांनी जातीबाहेर लग्न केले. "अपडेट केलं रे!" बंधू म्हणाले. माणूस नाहीसा करण्याला अपडेट म्हणतात, हे काही आम्हाला बी.कॉम.ला शिकवले नव्हते.

आता आमच्या नाशिकची रीत पाहा. रामकुंडावर तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजा-पणजा. असे बुंध्यापासून फांदीफांदीने उतरत त्यांचे बोट नामावळीतल्या नेमक्या पानावर येते. यजमान आपल्या हाताने नवी नोंद लिहितो. जुनीला कोणी हात लावत नाही. धाकट्या आजोबांचे अक्षर तिथे आहे. शेजारी आजीचे नाव. दोघेही ठणठणीत!

पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेली माझी भाची म्हणते, "मामा, हेच आमचं फंक्शनल प्रोग्रॅमिंग." त्यात म्हणे झाड बदलत नाहीत, जुने तसेच ठेवून नवे देतात.

"सगळं झाड पुन्हा लिहायचं? कागदाचे भाव माहीत आहेत का?"

"सगळं कशाला? बुंध्यापासून बदललेल्या पानापर्यंतच्या गाठी तेवढ्या नव्या. बाकीच्या फांद्या दोन्ही झाडांत सामाईक."

हिशेब मी स्वतः केला. प्रत्येक गाठीला दोन फांद्या आणि शेवटी हजारेक पाने असे समतोल झाड घेतले, तर एक पान बदलायला नव्या गाठी लागतात अकराच्या आसपास. इतके स्वस्त तर आमच्याकडे चेकबुकही मिळत नाही. जेरार ह्युए या फ्रेंच गृहस्थांनी १९९७ साली 'झिपर' नावाची युक्तीही छापली: एक फांदी हातात धरायची, आलेली वाट खिशात ठेवायची, बदल तिथल्या तिथे करायचा आणि वाट उलगडत बुंध्याशी परतायचे. आमचे गुरुजी पानात बोट ठेवून दुसरे काय करतात?

बंधूंचा आक्षेप असा, की जुने ठेवले तर जागा फुकट अडते. भाचीने तोही निकालात काढला. यंत्र अधूनमधून झाडू मारते, पण ज्याचे नाव घेणारे कोणी उरलेले नाही तेवढेच बाहेर टाकते.

धाकट्या आजोबांचे नाव मी घेतो. भाची घेते. तेव्हा बंधुराजांनी नवे झाड करावे: आजोबा आणि आजी, दोघे पूर्ण नावानिशी. आणि त्यांना वगळलेली प्रतही पुसू नये. तिच्यावर तारीख घालावी आणि खाली स्वतःची सही करावी.