‘पेशंटला घेऊन या’ म्हणजे नक्की कोणी?

तिशीतला धडधाकट मुलगा. कित्येक आठवडे धड झोपलेला नाही. शेजारचे भिंतीआडून आपल्याविरुद्ध कट करतात याची त्याला खात्री आहे. आई ‘तसं काही नाही रे’ म्हणाली की ताट भिंतीवर जातं. सुऱ्या धान्याच्या डब्यात लपवलेल्या. बापाचे गुडघे गेलेले. अशा घरातून कुठेही फोन करा, उत्तर ठरलेलं असतं: ‘पेशंटला घेऊन या.’

हे वाक्य सभ्य आहे, पण तो नकार आहे. छातीत कळ आली तर १०८ दारात येते. रुग्णाला उचलून आणा असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र ‘मी आजारी नाही’ ही रुग्णाची खात्री हाच अनेकदा आजाराचा भाग असतो, आणि तरी त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं काम साठीतल्या आईबापांवर टाकलं जातं. मग ते काय करतात? वरणात गोळी मिसळतात. देवऋषाकडे जातात. खोलीला बाहेरून कडी लावतात. आणि आपण लांबून म्हणतो, काय हे अडाणी लोक!

त्याहून वाईट म्हणजे आपले सल्ले. ‘लाड नडले.’ ‘कामधंद्याला लावा.’ ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.’ म्हणजे आईबापांना जो संताप झेपत नाही, तो झेलायला परक्या घरची मुलगी आणायची! हा सल्ला देणाऱ्या काकांना पुढच्या कौटुंबिक समारंभात कुणीतरी तोंडावर विचारायला हवं की तुमची मुलगी द्याल का?

अनावर संताप हे निदान नाही, ते लक्षण आहे. त्यामागे उन्माद असेल, भ्रम असतील, दारू असेल, डोक्याला झालेली जुनी इजा असेल. कधी यातलं काहीच नसतं आणि माणूस फक्त हिंसक असतो. बहुसंख्य मनोरुग्ण कुणावरही हात उगारत नाहीत, उलट तेच मार खातात. म्हणून तर तपासणी लागते. पण तपासणीआधीच दार बंद असेल, तर भित्रा कोण, आजारी कोण आणि गुंड कोण हे ठरवणार कसं?

गंमत अशी की कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० सांगतं की मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणाखाली घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोठडीत अजिबात ठेवायचं नाही. कलम ९४ नुसार गंभीर इजेचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि तेही रुग्णालयाबाहेर, म्हणजे घरीसुद्धा. कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा उभारणं ही सरकारची जबाबदारी असल्याचंही याच कायद्यात लिहिलंय.

लिहिलंय, एवढंच. ठाण्यात मात्र ‘घरगुती मामला आहे, मिटवा’ हे ऐकू येतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. उरलेल्या जिल्ह्यांतल्या आईबापांनी खवळलेल्या मुलाला एसटीत बसवून तिथवर न्यायचं का? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर असल्याचं दिसलं. या आकड्याला फक्त ‘जागृतीचा अभाव’ म्हणणं हा कांगावा आहे. आई जागी आहे. रात्रभर जागीच असते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उचलून नेण्याची मुभा दिली, तर मालमत्तेसाठी भावाला वेडा ठरवणारे नातेवाईक मोकाट सुटतील. खरंय. एरवाडीत २००१ साली साखळदंडांत बांधलेले रुग्ण आगीत जळून मेले, ते विसरून चालणार नाही. पण माणसाला बेड्यांपासून वाचवायचं असेल तर प्रशिक्षित माणसं वेळेवर दारात पोचायला हवीत. ती पोचली नाहीत की साखळी घरातच येते. रुग्णाचा हक्क आणि आईची सुरक्षितता यांचं भांडण लावून देणं व्यवस्थेच्या सोयीचं आहे, कारण मग तिला दोन्हींपैकी काहीच द्यावं लागत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात घरी जाणारं पथक हवं: डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आणि गरजेपुरता साध्या वेषातला पोलीस. प्रत्येक ठाण्यात कलम १०० माहीत असलेला एक तरी अधिकारी हवा.

आणि तुम्ही? तुमच्या चुलतघरात, वरच्या मजल्यावर असं एखादं घर असेलच. तिथे ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर द्या. तो शांत असेल तेव्हा त्याच्याशी बोला, त्याचा प्रतिनिधी कोण असावा हे त्यालाच लिहून ठेवू द्या. ठाण्यात जायची वेळ आली तर त्या बाईला एकटं पाठवू नका; कलम मोबाइलवर उघडून सोबत उभे राहा. ‘घरगुती मामला’ म्हणणाऱ्या साहेबांना लेखी नकार मागा. लेखी मागितलं की बऱ्याच साहेबांना कायदा आठवतो.