गाणं हवंय की गाण्यातली डिग्री?

बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एक ठरलेला संवाद होतो. तुम्ही म्हणता, 'मला म्युझिक करायचंय.' पलीकडून लगेच प्रश्न येतो, 'त्यात स्कोप काय?' मग तुम्ही एखाद्या रिअॅलिटी शोमधलं नाव घेता, बाबा शेजारच्या इंजिनीअरचं, आणि गाडी तिथेच अडकते.

मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. स्कोपची खात्री आज कुठल्याच शाखेत कुणी छातीठोकपणे देत नाही. विचारायचं ते हे: कॉलेजात तीन-चार वर्षं संगीत शिकून मला असं काय मिळेल, जे एरवी मिळणार नाही?

घरचे काही उदाहरणं हमखास देतात. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, पुढे बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट मिळवली. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. वसंतराव देशपांडे यांनी तर कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. 'बघ, आधी डिग्री, मग गाणं!'

उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितली जातात. अश्विनीताईंच्या आई माणिक भिडे याच त्यांच्या गुरू. प्रभाताईंना सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकायला मिळालं. त्यांना गाण्यासाठी कॉलेज लागलं नाही, कारण गुरू आधीच भेटले होते. तुमच्याकडे असं कुणी आहे का? असेल, तर खुशाल बीएस्सी किंवा बीकॉम करा आणि संध्याकाळी तानपुरा लावून बसा. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला जोडून दुसरा विषय घेण्याची सोय आहे. तुमच्या कॉलेजात त्यात संगीत मिळतं का, तेही विचारून बघा.

पण गावात शिकवणारं कुणी नसेल, घरात रियाजाला कोपरा नसेल, तर कॉलेज हेच तुमचं दार आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या नावातच 'गुरुकुल' आहे. मुंबई विद्यापीठाचाही स्वतंत्र संगीत विभाग आहे. अशा ठिकाणी गुरू मिळतात, साथीला तबला-पेटी मिळते आणि दिवसभर सुरांत राहणारे मित्र मिळतात. ही सोबत यूट्यूबवर मिळत नाही.

आता स्वतःला एक कडू प्रश्न विचारा. सध्या रियाज किती होतो? आपल्यापैकी अनेकांनी गांधर्वच्या परीक्षा दहावीच्या वाढीव मार्कांसाठी दिल्या आणि मार्क पदरात पडताच पेटी माळ्यावर गेली. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा पास होणं वेगळं आणि एक राग अर्धा तास मांडता येणं वेगळं. एक आठवडा रोज वहीत लिहून ठेवा, आज किती मिनिटं बसलो. क्लास आणि सबमिशनमधूनही वेळ चोरून तुम्ही बसत असाल, तर डिग्री तुम्हाला हवा तो वेळ देईल. कुणी अडवत नसतानाही बसत नसाल, तर अॅडमिशन घेऊन फरक पडणार नाही. आणि गणित नको म्हणून गाणं घेत असाल, तर थांबा. लय-तालाचा हिशेबही काही सोपा नाही.

राहिला पैसा. मैफिलींवर घर चालवणारे थोडेच असतात. बाकीचे शिकवण्या घेतात, शाळेत शिकवतात, साथ करतात, रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतात. असं आयुष्य चालणार असेल, तर पुढे जा. घर तुमच्या पगाराची वाट बघत असेल, तर आधी नोकरीचं शिक्षण घेण्यात कमीपणा नाही. वसंतरावांची नोकरी त्यांच्या गाण्याच्या आड आली नाही.

तेव्हा घरी 'माझं पॅशन आहे' म्हणून दार आपटू नका. कुठे शिकणार, कुणाकडे शिकणार, रोज किती तास बसणार आणि पोट कशावर भरणार, हे चार मुद्दे कागदावर लिहून आई-बाबांसमोर ठेवा. ते लगेच हो म्हणतीलच असं नाही. पण त्या कागदावरचा एखादा रकाना रिकामा राहिला, तर आधी तो भरा, फॉर्म त्यानंतर.