लग्न रद्द होते म्हणजे काय?

(द्वितीय वर्ष कला)

लग्न मोडण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांची वाण नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. शहरात गेले की घटस्फोट आहे. परंतु ‘हे लग्न कायद्याच्या दृष्टीने कधी झालेच नव्हते’ असे सांगणारा एकही शब्द आपल्या बोलीत नाही. कायद्याच्या पुस्तकात ‘शून्य विवाह’ आणि ‘शून्यकरणीय विवाह’ असे दोन शब्द आढळतात. पहिला गणिताच्या तासाचा वाटतो आणि दुसरा उच्चारताना तर जीभच अडखळते. ज्या गोष्टीला आपल्या तोंडी शब्द नाही, ती गोष्ट न्यायालयात जाऊन मागायची तरी कशी? माझ्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आमच्याकडे कायदा म्हणजे शेताच्या बांधाचा दावा. लग्नाचाही कायदा असतो हे मला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका वकीलबाईंच्या व्याख्यानाने प्रथम कळले. त्यानंतर ग्रंथालयात बसून जे वाचले आणि त्यावरून जे मत झाले, ते येथे मांडत आहे.

घटस्फोट म्हणजे खरोखर झालेले लग्न पुढे संपवणे. विवाह रद्द होणे म्हणजे मुळात पायातच खोट होती, असे न्यायालयाने सांगणे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे ११ वे कलम काही विवाह आरंभापासूनच शून्य ठरवते. (हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे.) नवऱ्याची पहिली बायको किंवा बायकोचा पहिला नवरा हयात असून ते लग्न कायम असेल, तर दुसरे लग्न शून्य. निषिद्ध नात्यातले किंवा सपिंड नात्यातले लग्नही शून्य. मात्र तशी रूढी असेल तर कायदा तिला मान देतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे किती घरांत आहे! आते-मामेभावंडे कायद्याच्या यादीप्रमाणे निषिद्ध नात्यातच येतात. ती लग्ने तगली आहेत ती केवळ रूढीच्या आधारावर. आमच्या आळीतल्या निम्म्या संसारांना हे ठाऊक नाही आणि ठाऊक नाही तेच बरे!

यातला खरा जीवघेणा प्रकार म्हणजे पहिले लग्न लपवून केलेले दुसरे लग्न. मांडव पडतो, अक्षता पडतात, पोर नांदायला जाते आणि दोन-तीन वर्षांनी कळते की याची एक बायको माहेरी बसलेली आहे. फसवणूक त्याची, पण ‘शून्य’ ठरते ती ही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले होते, की अशी दुसरी स्त्री कायद्याने पत्नी नव्हे, म्हणून तिला पत्नी या नात्याने पोटगी मागता येणार नाही. पुढे २०१३ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, त्याच न्यायालयाने पाऊल पुढे टाकले : पहिले लग्न लपवून पुरुषाने फसवले असेल, तर पोटगीपुरते तिला पत्नीच मानावे, नाहीतर त्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा मिळेल. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की विवाह शून्य ठरला तरी २५ व्या कलमाखाली कायम पोटगी मागता येते. द्यायची की नाही हे परिस्थिती पाहून न्यायालय ठरवील. अशा स्त्रीला ‘अवैध पत्नी’ म्हणण्याचा एका जुन्या निकालातला प्रघातही त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत निषिद्ध ठरवला. एवढे साधे वाक्य उच्चारायला ३७ वर्षे लागली! मुलांच्या बाबतीत मात्र कायदा आधीपासून शहाणा आहे. १६ व्या कलमाप्रमाणे अशा लग्नातली मुले औरस समजली जातात आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांना वाटा आहे.

आता दुसरा प्रकार, रद्द करण्याजोग्या लग्नाचा. येथे लग्न आपोआप शून्य नसते. दोघांपैकी ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मागितले तरच ते रद्द होते, नाहीतर चालू राहते. जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच न होणे, मनाच्या गंभीर आजारामुळे संमती देण्याची कुवत नसणे, जबरदस्तीने किंवा फसवून संमती घेतलेली असणे आणि लग्नाच्या वेळी वधू दुसऱ्यापासून गरोदर असून वराला ते ठाऊक नसणे, ही १२ व्या कलमातली कारणे.

फसवणुकीच्या कारणाला एक अट आहे आणि माझा मुख्य वाद तिच्याशीच आहे. फसवणूक उघड झाल्यापासून किंवा जबरदस्ती संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. आणि खरे कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलेले असता कामा नये. कागदावर हे रास्त दिसते. सगळे कळूनही सुखाने नांदायचे आणि दहा वर्षांनी तक्रार करायची, हे कोणालाच पटणार नाही. पण आपल्या घरांतून प्रत्यक्षात काय घडते? मुलगी माहेरी येऊन सांगते. आई म्हणते, ‘थोडं सांभाळून घे.’ चुलते म्हणतात, ‘दिवाळीनंतर बैठक घेऊ.’ दिवाळी होते, सुगी होते, धाकटीचे जमायचे असते म्हणून आणखी थांबायचे असते. बैठक होते तेव्हा मुलीला पुन्हा नांदायला धाडतात. ती जाते ती राजीखुशीने की लाजेकाजेने, हे कोण तपासणार? एवढ्यात वर्ष उलटून जाते. ‘सांभाळून घे’ म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नसते, की आपण मुलीच्या हक्काची मुदत खात आहोत.

याच्या उलट एक शहरी तऱ्हाही ऐकायला मिळते. ‘घटस्फोटित’ हा शिक्का नको, वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिता यावे, म्हणून काही घरे घटस्फोटाऐवजी विवाह रद्द करण्याचा हट्ट धरतात. मग समोरच्याला वेडा ठरवायचे, नपुंसक ठरवायचे! मला ही तऱ्हा मुळीच पसंत नाही. पगार फुगवून सांगितला, चष्मा लपवला, एवढ्याने लग्न रद्द होत नसते. लपवलेली गोष्ट महत्त्वाची होती हे पुराव्याने दाखवावे लागते. अब्रू धुऊन घेण्यासाठी दुसऱ्याच्या अब्रूवर चिखल टाकणे हा कायद्याचा हेतू खासच नव्हे. मुळात घटस्फोटित असणे यात लाजिरवाणे काय आहे? काडीमोड आणि पाट आपल्या गावगाड्यात कितीतरी जातींत पूर्वापार चालत आले. ही लाज अलीकडे आपणच उसनी आणली आहे.

आता ज्या प्रश्नासाठी लेखणी उचलली तो. मुलीचे वय १८ च्या आत असताना लावलेले लग्न शून्य असते का? शिबिरात आम्ही सगळ्यांनी एकमुखाने ‘हो’ म्हटले होते. उत्तर ‘नाही’ असे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या ११ व्या वा १२ व्या कलमात वयाचा उल्लेखच नाही. बालविवाह लावणे हा गुन्हा आहे, पण लागलेले लग्न सामान्यतः उभेच राहते. ते रद्द करून घेण्याचा हक्क २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या ३ ऱ्या कलमाने, लग्नाच्या वेळी जो बालक होता त्याला दिला. मुदत सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे. म्हणजे मुलीला वयाची २० वर्षे पूर्ण होईपर्यंत.

या हक्काची किंमत जाणायची तर रखमाबाईंची आठवण करावी. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावले गेले. नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून १८८४ साली त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. आधी निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला आणि १८८७ साली हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. ‘मी लहान होते, माझी संमती नव्हती’ हे म्हणायला त्या वेळी कायद्यात दारच नव्हते. आज आहे. पण ते विसाव्या वर्षी बंद होते.

महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झाल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. दहावीला माझ्या बाकावर बसणारी एक मैत्रीण त्यांत आहे. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. आज ती माझ्याच वयाची, १९ वर्षांची आहे. शिबिरानंतर मी तिला हे सारे सांगितले. ती म्हणाली, “अगं, विसाव्या वर्षापर्यंत माझ्याकडे एसटीच्या तिकिटाचे पैसे तरी होतील का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. रद्द करून घेच, असे मी तिला म्हणाले नाही आणि म्हणणारही नाही. संसार तिचा आहे. पण तिला निवड होती हे तिला एकोणिसाव्या वर्षी कळावे, आणि तेही योगायोगाने, हे मला सहन होत नाही.

ही मुदत दोनाची पाच वर्षे करावी असे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्यात मुलीचे लग्नाचे वय २१ करण्याचाही प्रस्ताव होता. सगळी चर्चा त्या २१ भोवतीच रंगली, मुदतीबद्दल कोणी फारसे बोलले नाही आणि २०२४ साली लोकसभेबरोबर विधेयकही संपले. वयाचा वाद चालू द्या, पण मुदतीचे तेवढे कलम वेगळे काढून आधी मंजूर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवीस वर्षांची बाई निदान स्वतःच्या पायांवर तालुक्याला जाऊ शकते. आणि तोवर आपल्या महाविद्यालयाने प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच ही मुदत मुलींना सांगावी. गणवेशाचे नियम सांगायला आपण विसरत नाही, मग हे का विसरावे?

न्यायालयाची भीती मात्र वाटते तेवढी नसावी. हिंदू विवाह कायद्याखालचे काम बंद दाराआड चालते. ते छापायला मनाई आहे. स्त्री जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर दिवाणी न्यायालयात. समोरच्याला नोटीस जाते, तो आपली कैफियत देतो, मग पुरावा, उलटतपास आणि हुकूमनामा. बालविवाह रद्द करताना लग्नात दिलेले दागिने व पैसे परत करण्याचा हुकूमही न्यायालय देते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडायचे कारण नाही : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. जाताना शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका आणि असतील तर लग्नाचे फोटो बरोबर असू द्यावेत. बालविवाहाची पत्रिका पुष्कळदा मुद्दाम छापलेलीच नसते; अशा वेळी लग्नाला हजर असलेल्या दोघा-तिघांची नावे तरी लिहून न्यावीत.