निघताना घर किती आवरावं?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गुहागरजवळच्या एका गावात तीन रात्री राहिलो. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून पुढे. दोन गाड्या आणि अकरा माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि पाच मुलं. एवढ्या लोकांसाठी हॉटेलच्या खोल्या घेणं परवडत नाही, आणि बाहेरचं मटण सासूबाईंना चालत नाही. म्हणून स्वयंपाकघरासकट आख्खं घर भाड्याने घेतलं.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेआठला फ्रिजवर चिकटवलेला कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. घर दहाला सोडायचं. त्याआधी भांडी घासायची, ओटा पुसायचा, केर काढायचा, फरशी पुसायची, चादरी आणि अभ्रे काढून घड्या घालून ठेवायचे, बाथरूम धुवायचं, कचरा गेटबाहेरच्या पिंपात टाकायचा. आणि बिलात 'साफसफाई ८०० रुपये' हे वेगळं लावलेलं होतंच.

दीर म्हणाले, "भाभी, फिर आठ सौ रुपये किस बात के दिये?" सासूबाई म्हणाल्या, "पराया घर है. ऐसाच छोड़ के जाते क्या?" या दोन वाक्यांत सगळा वाद आला. वाद चालू असताना पुरुष गाड्यांच्या डिकीत बॅगा लावत होते, मुलं नारळाच्या झाडाखाली खेळत होती, आणि मी, जाऊ आणि नणंद कंबर बांधून कामाला लागलो होतो.

मला मात्र आणखी एक कारण होतं, ते आधी कबूल करते. हे घर ठरवण्यापूर्वी मी दोन ठिकाणी फोन केले होते. एका ठिकाणी तारीख मोकळी होती, पण नाव सांगितल्यावर ती भरलेली निघाली. दुसऱ्या ठिकाणी, "तुमच्यात जरा जास्त माणसं असतात ना" असं ऐकवलं गेलं. तिसऱ्याने घर दिलं, मांसाहाराला हरकतही घेतली नाही. त्यामुळे मनात एकच होतं, की आपण गेल्यावर या माणसाला बोलायला जागा राहता कामा नये. ओटा मी तीनदा पुसला. मटणाचा वास राहू नये म्हणून लिंबाची सालं घासली. फरशी पुसली, बाथरूममध्ये बादल्यांवर बादल्या ओतल्या. वाचकांपैकी अनेकींना हे ओळखीचं वाटेल. आपलं नाव घेऊन घरात शिरलेली बाई स्वतःपुरतं साफ करत नाही, सगळ्या समाजाच्या वतीने साफ करते.

साडेनऊला घर साफ करणाऱ्या मावशी आल्या. दारातच थांबून म्हणाल्या, "बाई, लादी कशाला पुसताय? मी आधी झाडणार, मग परत पुसणार. वाळूवर ओला फडका फिरवला की चिखलाचे पट्टे उठतात." मी हातातला फडका खाली ठेवला. मग त्यांची नजर बाथरूमकडे गेली. "पाणी जपून हो. विहीर तळाला गेलीय. दुपारी दुसरे पाहुणे यायचेत, टाकी भरली नाही तर मला ऐकावं लागतं."

मी आयुष्यभर मुलांना स्वच्छता शिकवलेली बाई. पाण्याचा हा हिशोब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कोकणात पाऊस धो धो पडतो हे आपण भूगोलात शिकवतो. पण ते पाणी उतारावरून समुद्राला मिळतं आणि मे महिन्यात विहिरी आटतात, हेही त्याच भूगोलात आहे.

घड्या घालून ठेवलेल्या चादरी पाहून मावशी हसल्या. "घडी घातली की वापरलेली कुठली नि धुतलेली कुठली कळत नाही. आणि डाग आत दडतो. मशीनमधून निघाल्यावर दिसतो, तोवर पक्का झालेला असतो. मग मालक मला विचारतात."

इथे माझा चेहरा पडला. दुसऱ्या रात्री मुलींनी कोन आणून मेहंदी काढली होती आणि तशाच झोपल्या होत्या. एका पांढऱ्या अभ्र्यावर हातभर डाग होता. सगळे अभ्रे काढले होते, तेवढा एक मी काढला नव्हता. उशीच फिरवून ठेवली होती, डागाची बाजू खाली. ओटा तीनदा पुसणाऱ्या बाईने डाग मात्र लपवला होता. दिसतं ते चकचकीत करायचं आणि बिघडलं ते झाकायचं, ही सफाई कसली? मी आत जाऊन उशी आणली आणि त्यांच्यापुढे धरली. त्या म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. भिजत घालते. निघेल न निघेल, पण माझ्यावर येणार नाही." मी तिथूनच मालकांना संदेश पाठवला, की डाग आमच्याकडून पडला आहे, अभ्र्याचे पैसे सांगा.

मग मी विचारलं, "मावशी, हे आठशे रुपये तुम्हाला मिळतात ना?" त्या म्हणाल्या, "कुठले आठशे? एका वेळचे अडीचशे. घर कसंही असो, अडीचशेच." दहा ते बारा, दोन तासांत आख्खं घर पुढच्या पाहुण्यांसाठी तयार करायचं, एकटीने.

परतताना घाटात माझ्या डोक्यात हाच विषय घोळत होता. दीर आणि सासूबाई दोघंही अर्धे बरोबर आहेत, असं मला वाटतं.

उर्दूत मेहमान आणि किरायेदार हे वेगवेगळे शब्द आहेत, मराठीत पाहुणा आणि भाडेकरू. अशा घरात राहणारा यांपैकी नेमका कुठलाच नसतो. मेहमान म्हणावं तर पैसे मोजलेले असतात. भाडेकरू म्हणावं तर तीन दिवसांत निघायचं असतं. मेहमानाचा अदब आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मेहमाननवाजी तीन दिवसांची, आणि यजमानाला जड होईल इतकं मेहमानाने राहू नये, ही शिकवण हदीसमधून आली आहे. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचाही अदब आपल्याकडे सांगितलेला आहे. मी आलिमा नाही, तरी एवढं वाचलेलं आहे: फिक्हमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात, आणि भाड्याने घेतलेली वस्तू वापरणाऱ्याच्या हातात अमानत मानली जाते. नेहमीच्या वापराने झीज झाली तर त्याची भरपाई नाही. हयगय केली, हद्द ओलांडली, तर मात्र ती त्याच्यावर येते.

आपल्या देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेकरूने जागा चांगल्या स्थितीत परत करावी असं आहे, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे. तीन दिवसांच्या पाहुण्याला ते कलम लागू होईल असं नाही, पण न्याय तोच आहे. अशी घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीलाही तक्रारी ऐकून शेवटी बोलावं लागलं. चादरी काढणं, कपडे धुणं अशी कामं पाहुण्यांना लावू नका. दिवे बंद करा, उरलेलं अन्न कचऱ्यात टाका, दार लावून घ्या, एवढं सांगायला हरकत नाही, असं तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये घरमालकांना सांगितलं.

म्हणजे रेषा कुठे ओढायची? माझा हिशोब असा. राहण्यामुळे होतं ते काम घराचं, आणि त्याचे पैसे आपण दिलेले असतात. चादरी धुणं, फरशी पुसणं, बाथरूम घासणं हे त्यात आलं. आपल्या आळसामुळे होतं ते काम आपलं, त्याचे पैसे कुणी घेतलेले नसतात आणि कुणी घेऊही नयेत.

आपलं काम कुठलं ते नीट सांगते. खरकटं रात्रभर ठेवायचं नाही. विशेषतः मासळीचे काटे आणि मटणाची हाडं. बंद घरात दोन तासांत वास धरतो आणि बाहेर उघडी ठेवली तर कुत्री-मांजरं अंगणभर पसरतात. आपण वापरलेली भांडी घासायची, निदान खरकटं काढून विसळून तरी ठेवायची. जळलेलं पातेलं सिंकमध्ये झाकून ठेवायचं नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा. मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात घट्ट गुंडाळून वेगळे ठेवायचे. घनकचरा नियमांत हे कचरा करणाऱ्याचंच काम म्हटलेलं आहे, आणि नियम नसता तरी दुसऱ्या बाईच्या हाताने ते का उचलवायचं? समुद्रावरून आल्यावर पाय बाहेरच्या नळावर धुवायचे, कारण वाळू मोरीत गेली की मोरी तुंबते. ओले टॉवेल गादीवर टाकायचे नाहीत. वापरलेल्या चादरी घडी न घालता तशाच सोडायच्या, म्हणजे काय धुवायचं ते कळतं. आणि काही फुटलं, डागाळलं, बिघडलं तर निघण्याआधी सांगायचं.

अति सफाईचंही एक सांगते. अशा गावांत घराघराला सेप्टिक टँक असतो. त्यात मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. चकचकीत करण्याच्या नादात आपण ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या ओतल्या की ते जिवाणूही मरतात. तिथे तेल, उरलेला भात किंवा डायपर गेला तर टाकी तुंबते, आणि ती उपसायला माणूस बोलवावा लागतो. आपली निघण्याची घाई पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी अंगणात वर येते.

आता घरमालकांना दोन शब्द. कामांची यादी द्यायची असेल तर पैसे घेण्यापूर्वी द्या, शेवटच्या सकाळी फ्रिजवर नको. साफसफाईचे पैसे लावायचे असतील तर यादी आखूड ठेवा. दोन्ही घेणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा घेणं. आणि जे 'साफसफाई' म्हणून घेता ते साफसफाई करणाऱ्या बाईपर्यंत पोचू द्या. झाडू, पावडर, वीज यांचा खर्च असतो हे मान्य. पण आठशेतले अडीचशे हे गणित माझ्या पाचवीच्या वर्गातल्या मुलांनाही पटणार नाही. पाहुण्यांनीही निघताना मावशींच्या हातात वेगळे काही ठेवावेत. मात्र त्यामुळे घाण करायची मुभा मिळत नाही.

घरातल्या पुरुषांना एकच सांगायचं आहे. 'पाहुण्यांनी आवरून जावं' या वाक्याचा अर्थ आपल्याकडे 'पाहुण्यांमधल्या बायकांनी आवरून जावं' असा होतो. सुट्टी सगळ्यांची, पण आमची दोन तास आधी संपते. काटे सगळ्यांनी टाकले, वाळू सगळ्यांनी आणली. आमच्या हुजूरांनी घरकामात हात लावला, कपडे शिवले, चपला दुरुस्त केल्या, हे आपण दरवर्षी जलशांतून ऐकतो. ते डिकी लावून झाल्यावर आठवायला हरकत नाही.

राहिली माझी भीती. ती खोटी नाही, दोन फोनांमध्ये मी ती ऐकली आहे. पण माझ्या तीनदा पुसलेल्या ओट्याने त्या दोन घरांची दारं उघडणार नाहीत. ती ज्या कारणाने बंद झाली त्याचा ओट्याशी संबंधच नव्हता. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे आपल्यावरचे हक्क, हा विषय मी स्वतःपुरता नव्याने वाचायला घेतला आहे. त्या सकाळी माझ्यावर हक्क मालकाच्या मताचा नव्हता. हक्क मावशींचा होता. त्यांना हवं होतं विहिरीतलं पाणी, वेगळा केलेला कचरा, उघडी चादर आणि डागाबद्दल खरं बोलणं. मी त्यांना दिला लिंबाचा वास.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तापोळ्याला गेलो. या वेळी फोनवर मीच आधी विचारलं, निघताना काय करून ठेवायचं आणि साफ कोण करतं. आदल्या रात्री कामं वाटली. दिरांकडे भांडी, आमच्या ह्यांच्याकडे कचरा, मोठ्या मुलांकडे खोल्यांत राहिलेल्या वस्तू आणि दिवे-पंखे. पाऊण तासात सगळं झालं. ओटा मी एकदाच पुसला.