करडईची विरळणी टाळू नका

करडई दाट उगवली की धनी खूश होतो. पण रब्बीत पावसाचा भरवसा नाही. काळ्या रानात मुरलेली ओल हीच पिकाची शिदोरी. ती एकरी सुमारे ४५ हजार झाडांना पुरेल, लाखाला नाही. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू संशोधन सुरू झाले ते ही ओल राखण्यासाठीच.

एकरी ४ किलो बी, दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर ठेवून पेरा. उगवणीनंतर १०-१२ दिवसांनी विरळणी करा. दोन रोपांत वीतभर अंतर, जोमदार रोप तेवढे ठेवायचे. उगवलेले उपटायला हात धजत नाही, ठाऊक आहे. पण दाटीत फांद्या कमी फुटतात, बोंडे बारीक राहतात, ऐन दाणा भरताना ओल सरते. असे पोचट बी घाण्यावर नेले तर टरफलच जास्त, तेल कमी. थोडी विरळ झालेली करडई जादा फांद्या फोडून बरीच भरपाई करते.

उपटलेल्या कोवळ्या रोपांची लसूण घालून भाजी करा. पुढे पानांना काटे येतात. बियाण्याला कीडनाशक चोळले असेल तर मात्र ती रोपे घरात आणू नका, जनावरांनाही घालू नका.